मूठमाती कोणी द्यायची?

(एकट्या स्त्रियांच्या प्रश्नांवरील दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'ख्रिस्ती स्त्रिया आणि कायदा' असं छापलं आहे. कायद्याचं मी बोलणार आहेच, पण सुरुवात मयतापासून करणार आहे. काल संध्याकाळी गटचर्चेत मागून कोणीतरी म्हणालं, "एकट्या बाईच्या जगण्याचं आपण एवढं बोलतो, ती मेल्यावर तिचं काय होतं ते कोणी बोलत नाही." त्यावर दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही आणि मग चहा आला. माझ्या मात्र रात्रभर ते डोक्यात राहिलं. लिहून आणलेलं भाषण मी पिशवीतच ठेवलं आहे.

मी ख्रिस्ती घरातली. अहिल्यानगर जिल्ह्यातली, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो तिथली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. माझ्या आजोबांच्या आजोबांनी महारवाड्यात राहत असतानाच बाप्तिस्मा घेतला. त्या मिशनच्या बऱ्याच मंडळ्या १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, तुमच्यापैकी ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. पाळक म्हणजे पास्टर. कॅथलिक बहिणी फादर म्हणतील. आणि मयताच्या वेळी चर्चमध्ये जे होतं त्याला आम्ही अंत्यविधीची उपासना म्हणतो.

माझी मोठी मावशी नर्स होती. दवाखान्यात चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बहुतेक प्रसूतीच्या वॉर्डात. तिच्या नवऱ्याने दुसऱ्या बाईबरोबर संसार मांडला तेव्हा तिची मुलगी, माझी मावसताई, सात वर्षांची होती. मावशी तिला घेऊन निघाली, पगारातून हप्ते भरून दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्या घरात सव्वीस वर्षं राहिली. घटस्फोट घेतला नाही. का नाही घेतला ते पुढे सांगते, त्यात कायदा आहे.

२०१८ साली एका पहाटे ती झोपेतच गेली. सहा वाजता आम्हाला कळलं, सात वाजता मी तिच्या घरी होते, आणि दुपारी चारला उपासना ठरली. मे महिना, शवागार लांब, बर्फाची सोय नाही. आपल्याकडे मयत म्हणजे दहा तासांचं काम असतं. लग्न ठरवायला सहा महिने घेतो, साखरपुड्याच्या साडीला चार दुकानं फिरतो, आणि हे सगळं दहा तासांत उरकायचं.

त्या दहा तासांत काय झालं ते नीट बघा. बाहेर ओट्यावर मामा, पाळकसाहेब, मंडळीचे सेक्रेटरी आणि शेजारचे दोघं-तिघं होते. आत आम्ही पाच बायका. आम्ही तिला आंघोळ घातली, केस विंचरले, तिची पांढरी साडी नेसवली. ताईने तिच्या पायांना तेल लावलं, उभं राहून राहून त्या पायांना भेगा पडलेल्या होत्या. तिला हात लावून जे करायचं ते सगळं आत चाललं होतं आणि जे ठरवायचं ते सगळं ओट्यावर. मधल्या दारातून फक्त मी ये-जा करत होते, चहाचा ट्रे घेऊन. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, संकटकाळात कुटुंबाला निर्णय घ्यायला कशी मदत करायची यावर जिने पेपर लिहिला होता, ती ओट्यावरच्या पुरुषांना बिनसाखरेचा कोणाचा आणि साखरेचा कोणाचा ते विचारत होती.

सेक्रेटरींचा पहिला प्रश्न होता, मंडळीची वर्गणी भरलेली आहे का. ताईने ट्रंकेतून पावत्यांची थप्पी काढून दिली, एक महिना चुकलेला नव्हता. दुसरा प्रश्न खड्डा कोणत्या रांगेत काढायचा हा. तिसरा, पेटी कुठून आणायची. आणि मग कोणीतरी म्हणालं, "नवऱ्याला कळवलं का? काही झालं तरी नवरा आहे." आत ताईच्या हातातला कंगवा थांबला. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. दुपारी दोनला ते आले आणि पेटीच्या डोक्याशी जी खुर्ची होती तिच्यावर बसले.

चर्चमध्ये मावशीचा जीवनवृत्तांत वाचला गेला. सेक्रेटरींनी तो ओट्यावर बसून मामाच्या सांगण्यावरून लिहिला होता. जन्म, बाप्तिस्मा, लग्नाची तारीख, पतीला दिलेली साथ, एक कन्या, आणि शेवटी 'त्यांनी काही काळ दवाखान्यातही सेवा केली.' चौतीस वर्षं म्हणजे काही काळ! शास्त्रपाठ नीतिसूत्राच्या एकतिसाव्या अध्यायातला, सद्गुणी पत्नीचा. आमच्याकडे बाई गेली की विचारायचंच नाही, हाच पाठ. आणि चर्चच्या बाहेर, गुलमोहराखाली, तीस-पस्तीस बायका उभ्या होत्या. मावशीने ज्यांची बाळंतपणं केली त्या. त्यात हिंदू होत्या, मुसलमान होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की आत आलं तर चालतं, म्हणून त्या बाहेरच राहिल्या.

कबरस्तानात पहिली मूठमाती नवऱ्याने दिली. मग मामांनी, मग मंडळीच्या वडिलांनी, मग इतर पुरुषांनी. ताई हातात माती घेऊन उभी होती. तिच्यापर्यंत पाळी येण्याआधीच फावडी सुरू झाली. तिने ती माती कडेने टाकली.

मी हे पाळकसाहेबांच्या तक्रारीसाठी सांगत नाही. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी ओट्यावर विचारलं होतं, "बाईंबद्दल काय सांगायचं?" त्यांना ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं त्यांनी ऐकलं. दुःखाच्या घरात पाळक माहितीसाठी कोणावर तरी अवलंबून असतात, आणि ती माहिती कोणी द्यायची हे आपण मोकळं सोडतो. नंतर मी त्यांच्याकडे जाऊन बसले, दोन-तीन वेळा. हा विधी मी लहानपणापासून पाहत आले, पण त्यात ठरलेलं काय आणि मोकळं काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण आपल्या गटांत ख्रिस्ती बायका आहेत आणि त्यांच्या मयताला तुम्ही जाणारच आहात.

ठरलेला भाग असा. पाळक पेटीच्या पुढे चालत येतात आणि योहानाच्या शुभवर्तमानातली पुनरुत्थानाची वचनं म्हणतात. पेटी वेदीसमोर ठेवतात, जुन्या रिवाजाप्रमाणे पाय वेदीकडे, म्हणजे जिवंतपणी बाकावर बसून ती जशी वेदीकडे बघायची तशी. पाळक मेले तर त्यांचं डोकं वेदीकडे, कारण ते मंडळीकडे तोंड करून उभे असायचे. (दक्षिण भारतातल्या चर्चमध्ये २०१३ साली पुष्पा ललिता या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. तेव्हा आता बायकांच्याही पेट्या उलट्या ठेवायची वेळ येणार.) मग स्तोत्र, शास्त्रपाठ, गीत, उपदेश, प्रार्थना. त्यानंतर कबरेवरचा विधी, मातीला माती म्हणत देह भूमीच्या स्वाधीन करायचा, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. कॅथलिकांमध्ये हे मिस्सामध्ये होतं. पेटीवर बाप्तिस्म्याची आठवण म्हणून पांढरं वस्त्र, शेजारी पास्काची मेणबत्ती, पवित्र पाणी आणि धूप.

आता मोकळा भाग. कोणतं स्तोत्र, कोणता पाठ, कोणती गीतं, पाठ कोण वाचणार, वृत्तांत कोण लिहिणार आणि कोण वाचणार, साक्ष कोण देणार, पेटीला खांदा कोण देणार, पहिल्या बाकावर कोण बसणार, पहिली माती कोणाची, क्रूसावर नाव कसं लिहायचं. मोजून बघा. बाई कोण होती हे ज्यातून कळतं ते सगळं मोकळ्या भागात आहे, आणि तेच ओट्यावर ठरतं.

मातीचंच घ्या. आमच्याकडे काही गावांत बायकांनी कबरेपर्यंत जायचं नाही, फाटकाशी थांबायचं, असा रिवाज आहे. विचारलं तर सांगतात, चर्चचा नियम आहे. मी पाळकसाहेबांना नियम दाखवायला सांगितला. त्यांनी कपाटातून जुनं इंग्रजी प्रार्थनापुस्तक काढलं, अँग्लिकनांचं, १६६२ सालचं. त्यात माती कोणी टाकायची याची सूचना आहे, आणि ती एवढीच की जवळ उभं असलेल्यांपैकी कोणी तरी. त्यात बाई-पुरुष काही नाही, नवरा नाही, थोरला मुलगा नाही. पाळकसाहेब स्वतःच हसले. म्हणाले, "हे आपण गावाकडून आणलं आणि बायबलच्या कव्हरात घातलं." आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला, पण अग्नी देणारा मुलगा त्यांच्याबरोबर चालत आला, त्याच्या हातात फक्त कोलिताऐवजी माती आली.

कॅथलिक बहिणींना वाटतं की त्यांच्याकडे काही हलवता येत नाही. तिथेही जागा आहे. उपदेशात मृताचं गुणगान करू नये असं त्यांच्या विधिग्रंथात आहे हे खरं, पण शेवटच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी घरच्या किंवा मित्रमंडळींपैकी एकाने आठवणीचे शब्द बोलायला परवानगी आहे. तो एक जण कोण, हे आधी ठरवा. पाठ वाचायला बायका पूर्वीपासून उभ्या राहत होत्याच; २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचकाचं पद रीतसर स्त्रियांना खुलं केलं. दहनालाही कॅथलिक चर्चने १९६३ पासून मनाई ठेवलेली नाही. फक्त रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ मध्ये पुन्हा सांगितलं. हे मुद्दाम सांगते, कारण कबरस्तानात जागा नाही म्हणून एका बाईच्या घरी दोन भाऊ भांडताना मी पाहिले आहेत, आणि तिची स्वतःची इच्छा दहनाची होती.

जागेचा प्रश्न साधा नाही. जिथे ख्रिस्ती घरं चार-दोन आहेत तिथे उपासनेच्या आधी जमीनच मिळत नाही. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडमधल्या बस्तरमध्ये एका ख्रिस्ती धर्मसेवकाचा देह सुमारे वीस दिवस शवागारात होता, कारण गावाने गावात पुरू दिलं नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी झाली आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. यावर वेगळं शिबिर घ्यावं लागेल.

शास्त्रपाठाकडे येते. नीतिसूत्राच्या त्या अध्यायावर माझा राग होता, तो आता थोडा कमी झाला आहे. कारण मी तो पूर्ण वाचला. त्यातली बाई स्वतःच्या अकलेने शेत बघते, विकत घेते आणि कमाईतून द्राक्षमळा लावते. व्यापार करते. मयताला वाचताना हे शेत बहुतेक गळतं आणि नवऱ्याचा विश्वास तेवढा राहतो. माझ्या मावशीने घर घेतलं होतं! तोच पाठ पूर्ण वाचला असता तरी चाललं असतं.

पण मला आता दुसरा पाठ जास्त जवळचा वाटतो. प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय. यापो गावात तबीथा नावाची बाई होती, तिचं दुसरं नाव दुर्कस. नव्या करारात मूळ ग्रीकमध्ये 'शिष्या' असा स्त्रीलिंगी शब्द फक्त हिच्यासाठी आला आहे. ती आजारी पडून मेली. तिला धुऊन माडीवरच्या खोलीत ठेवलं. पेत्र आला तेव्हा गावातल्या विधवा त्याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तबीथाने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवायला लागल्या. पुढे चमत्कार होतो आणि ती उठते, तो भाग तुम्ही तुमच्या श्रद्धेप्रमाणे घ्या. मला त्या विधवा महत्त्वाच्या वाटतात. तिच्या नवऱ्याचा उल्लेखच नाही, होता की नव्हता तेही कळत नाही. तिचा वृत्तांत सांगितला तो एकट्या बायकांनी, आणि हातात पुरावा घेऊन. मावशीच्या मयताला हे लोक गुलमोहराखाली उभे होते.

म्हणून सांगते, तुमच्यातली कोणी ख्रिस्ती मैत्रीण गेली तर चर्चच्या दाराशी थांबू नका. आत या. कोणी तुमचा धर्म विचारणार नाही. गावाकडच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढतात, शहरात बहुतेक ठिकाणी काढत नाहीत, दाराशी बघून घ्या. बाकीचे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. कॅथलिकांच्या मिस्सात ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागते, त्यात जाऊ नका, जागेवर थांबा, एवढंच.

आता कायदा. मावशीने घटस्फोट का घेतला नाही? १९९५ च्या सुमाराला ती वकिलाकडे गेली होती. आमचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरत होतं. बायकोला मात्र व्यभिचार, आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. तो दुसरीकडे राहतो हे सगळ्या गावाला माहीत, पण कोर्टात सांगायला कोण येणार? आणि जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम करेपर्यंत पक्का होत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात ही विषमता घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. आता कारणं दोघांना सारखी आहेत. पण तोपर्यंत मावशी म्हणायला लागली होती, "आता कशाला, मला परत लग्न थोडंच करायचंय."

तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही तेव्हा लक्षात आलं नव्हतं की घटस्फोट नाही म्हणजे तो वारस आहे. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल आणि मुलंबाळं असतील तर ख्रिस्ती विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत तिसरा हिस्सा मिळतो, आणि विधुरालाही बायकोच्या मालमत्तेत तोच हक्क आहे. उरलेले दोन हिस्से मुलांना, मुलगा-मुलगी सारखेच. मयतानंतर दोन महिन्यांनी मावशीच्या नवऱ्याने त्या दोन खोल्यांतला तिसरा हिस्सा मागितला. मंडळीसमोर तोच पहिल्या बाकावर बसला होता, त्यानेच पहिली माती दिली होती. तुमचे संबंध राहिले नव्हते असं आता कोण कोणत्या तोंडाने सांगणार? ताईने पैसे देऊन तो मिटवला. कर्ज अजून चालू आहे.

मृत्युपत्र करा. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ज्याला द्यायचं त्याची किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, नाहीतर त्याचा वाटा जातो. याच कायद्यात असंही आहे की अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारातला दवाखान्याचा खर्च मृताच्या मालमत्तेतून, इतर सगळ्या कर्जांच्या आधी द्यायचा. तेव्हा पेटीचे पैसे मामाने दिले म्हणून निर्णय मामाचा, असं समजायचं कारण नाही. पण मयताच्या इच्छा मृत्युपत्रात लिहून भागत नाही. मृत्युपत्र कपाटातून निघतं तेव्हा कबरेवरची फुलं वाळलेली असतात. त्यासाठी वेगळा कागद हवा.

असा एक कागद मी पाहिला. २०२२ सालची गोष्ट. आपल्याच एका गटातल्या बाई, नवऱ्याने टाकलेल्या, स्टँडजवळ विद्यार्थ्यांची खानावळ चालवायच्या. कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी काही महिने सांगितले. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि उधारीच्या वहीतलं पान फाडून म्हणाल्या, "लिही." मी म्हटलं, कशाला आत्ता. त्या म्हणाल्या, "तुझ्या मावशीचं तूच सांगितलंस ना? मग लिही."

त्यात काय होतं? माझं नाव माझं आणि बापाचं, 'सौ.' लिहायचं नाही. आंघोळ दोघी मुलींनी आणि खानावळीतल्या भाकरीवालीने घालायची. टिळकांचं भजन पेटी-तबल्यावर म्हणायचं, रडकं म्हणायचं नाही. (नारायण वामन टिळकांची भजनं आमच्या उपासनेत रुजली आहेत; लिहिताना बाईंनी ते तिथल्या तिथे म्हणूनही दाखवलं, जरा बेसूर.) पाठ तबीथाचा. बोलायचं दोघांनी, तीन-तीन मिनिटं, एक मुलगी आणि एक जुना विद्यार्थी. पहिली माती मुलींची. कबरस्तानातून आल्यावर सगळ्यांना जेवण, झुणका-भाकरी, मटण नको, कर्ज काढायचं नाही. आणि शेवटी, नवऱ्याने आत यायचं नाही.

तो कागद घेऊन आम्ही तिथल्या पाळकांकडे गेलो, बाई जिवंत असताना, बाईंना रिक्षात बसवून. त्यांनी सगळं मान्य केलं, शेवटचं वाक्य सोडून. म्हणाले, "मंडळीच्या दारात मी कोणाला अडवू शकत नाही, आणि मयताला तर नाहीच." मी वाद घातला. माझ्या डोळ्यांपुढे मावशीची ती खुर्ची होती. पण बाईच म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. येऊ दे. पण मागे बसू दे." असं ठरलं आणि पाळकांनी कागदावर स्वतः सही केली.

सगळं त्याप्रमाणे झालं असं नाही. पाऊस होता. तीन मिनिटं बोलणारा विद्यार्थी बारा मिनिटं बोलला आणि त्यानंतर आणखी दोघं न विचारता उठले. तबलजी आलाच नाही. नवरा आला, मागे बसला, उपासना संपायच्या आत निघून गेला. आणि एक गोष्ट कागदावर नव्हतीच. बाईंची सासू आली. ऐंशीच्या पुढची, नातवाच्या हाताला धरून, बाईंना घराबाहेर काढताना जी काही बोलली नव्हती ती. दारातच हमसून रडायला लागली. आम्ही गटातल्या बायका एकमेकींकडे बघत राहिलो. धाकटी मुलगी पहिल्या बाकावरून उठली आणि आजीला तिथे आणून बसवलं. कबरेवर मुलींनी माती दिली, मग भाकरीवालीने, मग आजीने. मला ते आवडलं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. पण ठरवलं मुलीने.

एक गोष्ट राहिली आणि ती उपासनेच्या आधीची आहे. तरुण विवाहित मुलगी जळून, पडून, फास घेऊन गेली असेल तर 'आधी प्रार्थना करून माती देऊन टाकू, अब्रू जायला नको' असं घरातले आणि कधीकधी मंडळीतलेही म्हणतात. तेव्हा थांबवायचं. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील आणि आत्महत्या असेल किंवा मृत्यू संशयास्पद असेल तर पोलिसांनी शवविच्छेदन करून घेतलंच पाहिजे. हे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमात आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान बायकांच्या बाबतीत एवढं एक बरं की पुरलेला देह दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने बाहेर काढून तपासता येतो. पण त्यावर विसंबू नका. आणि आत्महत्या केलेलीला चर्चमध्ये आणता येत नाही, असं जर कोणी म्हणालं, तर १६६२ च्या त्याच पुस्तकात तशी मनाई होती हे खरं आहे. कॅथलिकांच्या १९१७ च्या संहितेतही होती, १९८३ च्या संहितेतून ती गेली. आज बहुतेक पाळक आणि फादर उपासना घेतात. न घेणारा भेटला तर वरच्यांकडे जा, तोपर्यंत देह शवागारात राहू द्या.

मावशीच्या कबरेवर दोन वर्षांनी दगड बसवला. पाथरवट अक्षरावर पैसे घेतो, म्हणून ताईने मजकूर फार विचार करून लिहिला. नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली 'परिचारिका, ३४ वर्षे'. मामा चिडले. नवऱ्याचं नाव नसलेला दगड कबरस्तानात दुसरा नाही म्हणाले. मी जाऊन मोजले, आणखी चार निघाले.

मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. लिहिलेल्या कागदाच्या तीन प्रती करा. एक पाळकांकडे किंवा फादरकडे, एक गटाच्या कपाटात, आणि एक घरात अशा ठिकाणी की आंघोळ घालणाऱ्या बाईच्या हाताला लागेल, साड्यांच्या घडीत वगैरे. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याबरोबर मी जेवणाच्या सुट्टीत बसते.